बाकडं गावाचं, वेळ आमचा

मागच्या वेळी आपण गटाच्या मसाल्याच्या हिशेबाबद्दल बोललो. आज लाकडाबद्दल बोलू. बचत गटाच्या बाया आणि लाकूडकाम हे ऐकून काही जणींना हसू येईल. आमच्याही गावात हसले. पण आमच्या गटातल्या नऊ जणींनी मिळून अंगणवाडीसाठी चार बाकडी केली, आणि ती कशी केली, कुठं चुकलो, कुठं भांडलो हे सांगण्यासारखं आहे.

सुरुवात लसीकरणाच्या दिवसापासून झाली. महिन्यातून एकदा नर्सताई अंगणवाडीत येतात. गरोदर बाया तपासायला येतात, लेकुरवाळ्या बाळं घेऊन येतात. इंजेक्शन दिल्यावर अर्धा तास थांबा, असं नर्सताई सांगतात. थांबायचं, पण कुठं? आत जागा नाही, बाहेर मातीत बसायचं. आठव्या महिन्याची बाई खाली बसली की तिला उठवायला दोघी लागतात. बऱ्याच जणी मग थांबतच नाहीत, सुई टोचली की घरी. एकदा एका बाळाला घरी गेल्यावर सपाटून ताप भरला आणि त्याची आई घाबरून पुन्हा पळत आली, तेव्हा नर्सताई दुसऱ्या गावाला निघून गेल्या होत्या. त्या आठवड्याच्या बैठकीत हा विषय निघाला. कोणी म्हणालं, अर्ज करू. अर्ज याआधी दोनदा करून झाला होता.

त्याच वैशाखात वळवाच्या वाऱ्यानं आमच्या एका सभासद काकूंच्या बांधावरची जुनी बाभूळ पडली. काकू म्हणाल्या, जळणाला घालण्यापेक्षा बाकड्याला घ्या. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर अशी झाडं आपल्या स्वतःच्या रानातली असली तरी तोडायला परवानगी लागते. महाराष्ट्रात 1964 पासून तसा कायदा आहे. बाभूळ त्या यादीत नाही. तरीही झाड सार्वजनिक जागेतलं, रस्त्याकडेचं किंवा गायरानातलं असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका.

बाभूळ आमच्या माणदेशाकडं भरपूर. पूर्वी बैलगाडीची चाकं, कुळव, नांगर याच लाकडाचे होत. कठीण आणि चिवट. पण तिच्यात दोन रंग दिसतात. मधला गाभा तांबूस, बाहेरचा भाग पांढरट. भुंगा लागतो तो त्या पांढऱ्या भागाला. गावातले सुतारमामा आता पंचाहत्तरीला आलेत, हात थरथरतात, पण डोळा अजून पक्का आहे. ते म्हणाले, आम्ही ओंडके महिना महिना ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवायचो, म्हणजे कीड लागत नसे. आता वैशाखात आमच्या ओढ्यात डोह कुठला? प्यायला पाणी टँकरचं. म्हणून गिरणीवर ओंडका कापून घेतानाच पांढरा भाग सगळा काढून टाकायला लावला. फळ्या अरुंद निघाल्या, पण सगळ्या तांबड्या. पांढरा भाग चुलीला गेला.

आता आमची पहिली चूक. फळ्या हातात आल्या आणि आम्हाला दम निघेना. सुतारमामा सांगत होते, वाळू द्या. आम्ही म्हटलं, दीड महिना झाला की, वर तर कोरडं दिसतंय. श्रावणात पहिलं बाकडं केलं, अंगणवाडीत नेऊन ठेवलं, नारळ फोडला. भाद्रपद संपेपर्यंत फळीला पीळ पडला, एक पाय अधांतरी झाला. त्यावर बसलं की खटखट. एक आजी कलंडता कलंडता राहिली. ज्यांनी हसायचं ते हसले. आमच्यातल्या दोघींनी त्यानंतर यायचंच बंद केलं. त्यातली एक पुढं परत आली, एक नाही आली.

ओल्या लाकडात पाणी असतं. ते उडून जातं तसं लाकूड आकसतं, आणि ते सगळीकडून सारखं आकसत नाही. लांबीत फारसा फरक पडत नाही, रुंदीत पडतो. म्हणून फळी वाकते, टोकाला चिरते. वाळवायची रीत अशी. फळ्या सावलीत, वाऱ्याच्या जागी, जमिनीपासून वीतभर उंच, विटांवर रचायच्या. दोन फळ्यांच्या मध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या घालायच्या, म्हणजे वारा आरपार जातो. पट्ट्या एकाखाली एक, एका ओळीत आल्या पाहिजेत, नाहीतर फळी त्या जागीच वाकते. फळीच्या दोन्ही टोकांना जुना उरलेला रंग फासायचा. टोकातून पाणी लवकर जातं आणि तिथूनच चिरा पडतात. वर दगड ठेवायचे. ऊन लागू द्यायचं नाही. पापडाला ऊन चांगलं, फळीला नाही.

पण वाळलं हे कळणार कसं? यावर उपाय आमच्या धाकट्या सभासदानं काढला, आणि तो आम्हाला फार आवडला. त्याच लाकडाचा, त्याच जाडीचा एक तुकडा फळ्यांबरोबर ठेवायचा आणि दर बैठकीला गटाच्या मसाल्याच्या वजनकाट्यावर तोलायचा. वजन वहीत लिहायचं. तो तुकडा पहिल्या दिवशी 1 किलो 240 ग्रॅम होता. दिवाळीपर्यंत भराभर उतरला, मग हळूहळू, आणि 900 ग्रॅमच्या आसपास येऊन थांबला. सलग चार आठवडे काटा हलला नाही, तेव्हा माघात कामाला हात घातला. आमच्या फळ्या दीड इंच जाड होत्या आणि आमची हवा कोरडी. कोकणातल्या मैत्रिणींना याहून जास्त वेळ लागेल.

माप कुठून घेतलं, तर माणसांवरून. भिंतीला पाट लावून त्यावर आमच्या गटातल्या सर्वात बुटक्या आजींना आणि एका पोटुशीला बसवलं. पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि उठताना गुडघ्यावर भार कमी आला पाहिजे. फार बुटकं बाकडं म्हाताऱ्या माणसाला आणि गरोदर बाईला उठायला जड जातं. आम्ही 17 इंच उंची धरली. एका बाईला मांडीवर बाळ घेऊन ऐसपैस बसायला दीड फूट लागतं, तिघींसाठी साडेचार फूट. रुंदी 14 इंच, पण अखंड फळी नाही. सात-सात इंचांच्या दोन फळ्या आणि मध्ये बारीक फट. पाणी सांडलं तर गळून जातं, आणि पावसाळ्यात लाकूड थोडं फुगलं तरी त्याला जागा राहते.

खटखट न होण्याचं गुपित पायात आहे. चार पाय नुसते खिळ्यानं ठोकले की चौकट होते, आणि चौकट बाजूनं ढकलली की तिरकी होते. रानाच्या फाटकाला तिरपी पट्टी का मारतात, आठवा. तीच युक्ती इथं. पायांना खाली आडवी पट्टी आणि मधून एक तिरपी पट्टी दिली की त्रिकोण तयार होतो, आणि त्रिकोण ढकलून वाकडा होत नाही. आडवी पट्टी खिळ्यानं नाही बसवायची. पायाला भोक पाडायचं, पट्टीचं टोक कोरून कुसू करायचं आणि भोकात ठोकून बसवायचं. सांगायला एका वाक्यात झालं, पण पटाशीनं पहिलं भोक पाडायला आम्हाला तीन दुपारी लागल्या. चौकट गुण्यात आहे का हे दोरीनं बघता येतं. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरा, मग दुसरे दोन कोपरे. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट सरळ.

बाभळीत खिळा थेट ठोकला तर लाकूड फुटतं किंवा खिळा वाकतो. आधी ड्रिलनं बारीक भोक, मग स्क्रू, आणि स्क्रूच्या आट्यांना साबण घासायचा. पायांची खालची चार बोटं डांबरात बुडवली, वाळवीसाठी. खाली शहाबादी फरशीचे तुकडे ठेवले. बसायच्या जागेला मात्र जवसाचं तेल दिलं, कारण बाळं तोंड लावतात. तेलाचा हात पातळ द्यायचा, फडक्यानं पुसून घ्यायचा आणि पुरता वाळू द्यायचा. त्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

अंगावरच्या कपड्यांचं आधी ठरवून घ्या. मशीन चालवताना पदर मोकळा नको, बांगड्या नकोत, केस बांधलेले हवेत, मंगळसूत्र आत घातलेलं किंवा काढून ठेवलेलं. काढून ठेवण्यावरून दोन घरांत बोलणी झाली. एका सासूबाईंनी स्वतः येऊन ड्रिल फिरताना पाहिलं, आणि घरी जाऊन सुनेला म्हणाल्या, "काढून देव्हाऱ्यात ठेवत जा." पटाशी मारताना दोन्ही हात धारेच्या मागं. हे आम्ही एका अंगठ्याला तीन टाके घालून शिकलो.

आता वेळेचं. आमच्याकडं सगळ्यात कमी काय होतं, तर लाकूड नाही, वेळ. पहाटे पाणी, मग डबे, मग रान, संध्याकाळी शेळ्या आणि चूल. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते चार, एवढाच मेळ बसला. शाळा सुटायच्या आत घरी. ज्यांना घर सोडता येत नव्हतं त्यांनी पट्ट्या घरी नेल्या आणि दूध तापेपर्यंत पॉलिश पेपर घासला. एक बाळंतीण होती, तिनं हिशेब लिहिला. लहान पोरं देवळाच्या मंडपात आमच्याबरोबरच असायची, रंध्यातून निघणारी गोल गोल सालं कानात अडकवून नाचायची.

एका ताईच्या घरी मोठा वाद झाला. तिचे मालक म्हणाले, "गावाला बाकडी करतेस, आणि घरातली बाज तीन वर्षं मोडून पडलीय ती दिसत नाही?" ताईनं ते बैठकीत सांगितलं तेव्हा आधी आम्हाला राग आला. मग वाटलं, बोलले ते खोटं नाही. पुढच्या मंगळवारी आम्ही सगळ्या तिच्या घरी गेलो आणि बाजेचा गाता बदलला. त्यानंतर त्या घरून काही बोलणं आलं नाही. उलट बाकडी अंगणवाडीत न्यायला बैलगाडी त्यांचीच होती. तेव्हापासून नियम केला, ज्या सभासदाच्या घरात मोडकं काही असेल ते आधी.

सुतारमामांनी पैसे घेतले नाहीत. त्यांचे वडील बलुतेदार, वर्षभर गावाचं काम करायचे आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचे. आम्ही प्रत्येकीनं घरची दोन पायली ज्वारी नेऊन दिली. ती त्यांनी घेतली.

आता खरी अडचण. चार बाकडी उभी राहिली, लसीकरणाच्या दिवशी बाया अर्धा तास बसू लागल्या, आणि गावातले काही कारभारी आम्हाला म्हणाले, "बाया फुकट करतातच की. शाळेलाही दहा करून द्या, थांब्यालाही दोन." कौतुकानंच म्हणाले. पण आमच्या बैठकीत त्यावर दोन तास वाद झाला. काही जणींचं म्हणणं, गावाचं काम आहे, नाही कसं म्हणायचं. काहींचं म्हणणं, आपण मनानं केलं तोवर श्रमदान, दुसऱ्यानं गृहीत धरलं की ती वेठ. दोन्ही बाजू आम्हाला पटत होत्या. मग बाळंतिणीनं लिहिलेली वही उघडली. चार बाकड्यांना, मोडलेलं पहिलं धरून, नऊ जणींचे मिळून 212 तास लागले होते. आकडा वाचल्यावर सगळ्या गप्प झाल्या. एवढे तास आपण रोजंदारीला गेलो असतो तर, असा हिशेब प्रत्येकीनं मनात केला असणार.

म्हणून सांगतो, तास लिहून ठेवा. पैसे मागायचे नसले तरी लिहा.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे तुम्हाला माहीत असेल. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो, हेही. आम्ही वही घेऊन महिला सभेत गेलो आणि ठराव मांडला. अंगणवाडीची चार बाकडी आमची भेट. पुढची बाकडी त्या निधीतून, सामानाचे पैसे आणि हाताची मजुरी दोन्ही धरून. सभेनं ठराव मंजूर केला. ग्रामसभेत सामानाला होकार मिळाला, मजुरीचा विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे.

फळ्या मात्र आम्ही आताच रचून ठेवल्या आहेत, विटांवर, पट्ट्या घालून. त्या वाळायला माघ उजाडणार. तोवर मजुरीचं ठरलं तर शाळेची बाकडी आम्ही करू, नाही ठरलं तर त्याच फळ्यांचे चौरंग करून यात्रेत विकू. तुकडा दर बैठकीला तोलतोय. परवा 1 किलो 110 भरला.