एकाच कसोटीतले आपले दोघे
मराठवाड्याचे क्रिकेट : लेखांक ५

३ डिसेंबर २००१ला मोहालीत भारत-इंग्लंड कसोटी सुरू झाली तेव्हा भारताच्या अकरा जणांत तीन चेहरे नवे होते. एक केरळचा टिनू योहानन. उरलेले दोघे आपल्याकडचे. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर आणि तेव्हाच्या औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी. मराठवाड्याच्या दोन खेळाडूंनी एकाच सकाळी कसोटीची टोपी घातली, ही गोष्ट नांदेड-लातूरच्या मैदानांवर खेळणाऱ्या प्रत्येक पोराला तोंडपाठ असायला हवी. ती तशी नाही. म्हणून आजचा लेखांक या दोघांचा.

मागच्या आठवड्यात आपण निजामाच्या राजवटीतलं क्रिकेट पाहिलं. १९३७-३८च्या रणजी अंतिम सामन्यात एडी ऐबाराने नाबाद १३७ धावा काढून हैदराबादला नवानगरवर एका गड्याने विजय मिळवून दिला, तेव्हा नांदेड हैदराबाद संस्थानातच होतं आणि लातूरही. खेळाची राजधानी हैदराबादच होती आणि नांदेडहून तिथे जाणं आजही पुण्यापेक्षा सोपं आहे. राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि क्रिकेटसाठी पुण्याच्या संघटनेला जोडला गेला. विदर्भाला नागपूरची स्वतःची संघटना होती, स्वतःचा रणजी संघ होता. आपल्याला तसं काही मिळालं नाही. नांदेडच्या मुलाला निवड चाचणीसाठी साडेचारशे किलोमीटर जायचं, तिथे पुण्याच्या क्लबांत वाढलेल्या मुलांच्या रांगेत उभं राहायचं आणि दोन-चार षटकांत स्वतःला दाखवायचं, हा शिरस्ता तेव्हापासूनचा.

सिद्दीकी याच वाटेने वर आला. महाराष्ट्राकडून तो वेगवान गोलंदाजी करायचा, आणि ती कुठे? पुण्याच्या नेहरू स्टेडियमसारख्या, फलंदाजांचे लाड करणाऱ्या खेळपट्ट्यांवर. तिथे वेगवान गोलंदाजाने भर उन्हात तिसरा स्पेल टाकायला धावत यायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. प्रथम श्रेणीत त्याने तीनशेच्या वर बळी घेतले. माझ्या मते त्याची खरी ओळख हीच. पण त्याचं नाव निघतं ते प्रश्नमंजूषेतल्या एका कोड्यासाठी.

ते कोडं असं. मोहालीत त्याने योहाननच्या जोडीने नवा चेंडू हाताळला, ग्रॅहम थॉर्पला बाद केलं आणि फलंदाजीत खालच्या क्रमांकावर २४ धावा काढल्या. कुंबळे आणि हरभजन यांनी इंग्लंडला दोनदा गुंडाळल्यावर भारताला जिंकायला हव्या होत्या फक्त पाच धावा. त्या काढायला सलामीला पाठवलं गेलं सिद्दीकीला! त्याने नाबाद ५ धावा काढल्या आणि भारत दहा गड्यांनी जिंकला. पदार्पणातच गोलंदाजीची आणि फलंदाजीची दोन्ही सुरुवात त्याने केली. पुढच्या कसोटीत मात्र तो नव्हता. जवागल श्रीनाथ दुखापतीतून परतला होता. सिद्दीकीची कसोटी कारकीर्द त्या एका सामन्यावर थांबली ती कायमची. फलंदाजीची सरासरी २९, बळी एक. या आकड्यांवरून त्याला तोलणं अन्यायाचं आहे. सव्वीस वर्षांच्या वेगवान गोलंदाजाला एका कसोटीत जोखता येत नाही.

बांगरला संधी मिळाली तीही एका वादाच्या गदारोळात. दक्षिण आफ्रिकेत सामनाधिकारी माइक डेनेस यांनी सहा भारतीय खेळाडूंवर कारवाई केली होती, त्यात वीरेंद्र सेहवागवर एका कसोटीची बंदी होती. ती बंदी भोगून झाली की नाही, यावर भारतीय मंडळ आणि आंतरराष्ट्रीय संघटना यांच्यात जुंपली. मालिकाच होते की नाही, अशी वेळ आली. शेवटी सेहवाग मोहालीत बाहेर बसला. बांगर त्या अकरांत आला आणि त्याने ३६ धावा काढल्या.

त्याची वाट सिद्दीकीपेक्षा अगदी वेगळी. शालेय आणि कुमार वयात तो महाराष्ट्राकडून खेळला, मुंबईकडूनही खेळला, पण प्रथम श्रेणीचं दार उघडलं ते रेल्वेने, १९९३-९४च्या हंगामात. रेल्वेचा संघ कुठल्या राज्याचा नाही. देशभरातून खेळाडू कोट्यात नोकरीला लागलेली माणसं त्यात असतात. छोट्या गावाच्या पोराला यात दोन गोष्टी मिळतात. महिन्याचा पगार ही पहिली. आईवडिलांना ‘क्रिकेट खेळून पोट भरतं का’ या प्रश्नाचं उत्तर त्याने देता येतं. दुसरी गोष्ट म्हणजे निवड समितीत आपल्या गावाचा माणूस आहे की नाही, याची काळजी बरीच कमी होते. नांदेडला २००३मध्ये रेल्वेचा स्वतंत्र विभाग झाला, तेव्हा इथल्या पोरांनी बांगरकडे या नजरेने पाहायला हवं होतं, असं मला नेहमी वाटतं.

रेल्वेने २००१-०२मध्ये बडोद्याला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, २००४-०५मध्ये पंजाबला हरवून पुन्हा जिंकला. दोन्ही वेळा बांगर त्या संघाचा कणा होता. मधल्या फळीतला भरवशाचा फलंदाज आणि एक टोक धरून मारा करणारा मध्यमगती गोलंदाज. प्रथम श्रेणीत आठ हजारांहून जास्त धावा आणि तीनशे बळी, असा दुहेरी हिशेब आपल्या देशात फार थोड्यांच्या नावावर आहे.

दुसऱ्याच कसोटीत, फेब्रुवारी २००२मध्ये नागपुरात झिम्बाब्वेविरुद्ध त्याने नाबाद १०० धावा केल्या. त्याच्याबद्दल लिहिताना सगळे तिथेच थांबतात. मला मात्र त्याचं मोठेपण दिसतं ते सहा महिन्यांनंतरच्या ६८ धावांत.

ऑगस्ट २००२. लीड्सचं हेडिंग्ले मैदान. लॉर्ड्सची पहिली कसोटी भारत १७० धावांनी हरला होता, दुसरी अनिर्णित राहिली होती. सलामीला वसीम जाफरच्या जागी बांगरला आणलं. ही काही त्याची नेहमीची जागा नव्हे. आभाळ भरून आलेलं, खेळपट्टी ओलसर, आणि सौरव गांगुलीने नाणेफेक जिंकून चक्क फलंदाजी घेतली, संघात दोन फिरकीपटू ठेवून. सेहवाग ८ धावांवर परतला. समोर हॉगार्ड, कॅडिक, ट्यूडर, फ्लिंटॉफ. चेंडू कधी आत येतोय, कधी बाहेर जातोय, मध्येच उसळून अंगावर येतोय.

पुढचे कित्येक तास बांगर आणि राहुल द्रविड यांनी जे केलं, ते धावफलकावर नीट दिसत नाही. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायचा. पुन्हा सोडायचा. अंगावर आलेला सोसायचा. बॅट शरीराजवळ, हात सैल, चेंडू पायाशी पडेल असा खेळायचा. सोडणं हेसुद्धा कौशल्यच आहे. आपला ऑफ स्टंप कुठे आहे हे पक्कं ठाऊक असल्याशिवाय ते जमत नाही, आणि एकदा अंदाज चुकला की थेट दांडी. बांगरने २३६ चेंडूंत ६८ धावा केल्या. दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी १७० जोडल्या. तोवर चेंडू जुना झाला होता, गोलंदाज दमले होते. मग द्रविडने १४८, सचिन तेंडुलकरने १९३ आणि गांगुलीने १२८ धावा केल्या, भारताने ८ बाद ६२८वर डाव सोडला आणि एक डाव ४६ धावांनी कसोटी जिंकली. १९८६नंतर इंग्लंडमधला भारताचा तो पहिला कसोटी विजय. दुसऱ्या डावात बांगरने दोन बळीही घेतले. सामन्याचा मानकरी द्रविड ठरला आणि ते योग्यच होतं. पण बांगर लवकर बाद झाला असता तर मागच्या फलंदाजांना तो ताजा, फिरणारा चेंडू खेळावा लागला असता, हे विसरून चालणार नाही.

त्याच वर्षाअखेर न्यूझीलंडच्या हिरव्या खेळपट्ट्यांवर अख्खा भारतीय संघ ढेपाळला. हॅमिल्टनला तर एक डाव ९९वर आटोपला. बांगरच्याही धावा झाल्या नाहीत, आणि बारा कसोटींवर त्याची कारकीर्द संपली. २००३च्या विश्वचषक संघात तो होता, पण एकही सामना खेळायला मिळाला नाही. तो रेल्वेकडे परतला आणि आणखी दहा वर्षं खेळला. जानेवारी २०१३मध्ये निवृत्त झाला, आणि २०१४ ते २०१९ भारतीय संघाचा फलंदाजी प्रशिक्षक होता.

आता नांदेड-लातूरचं. या दोन जिल्ह्यांत मुलं कमी नाहीत आणि हौसही कमी नाही. टेनिस बॉलच्या सामन्यांना रात्रीच्या दिव्यांत उसळणारी गर्दी बघा. अडचण खेळपट्टीची आहे. टर्फ विकेटला रोज पाणी लागतं, रोलर लागतो, राबणारा माणूस लागतो. २०१६च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथे खेळपट्टीला पाणी मागायचं कोणत्या तोंडाने? मग मुलं मॅटिंगवर शिकतात. मॅटवर चेंडू एकसारखा उसळतो. तिथे जमलेला फटका पुण्याच्या टर्फवर चाचणी देताना उशिरा बसतो, आणि चाचणी तेवढ्यात संपलेली असते. दुसरी अडचण घरातली. लातूर पॅटर्नने हजारो घरांत डॉक्टर-इंजिनीअर दिले, त्याचा अभिमान आहेच. पण दहावी-बारावीची जी वर्षं क्रिकेटपटूला घडवतात, नेमकी तीच आपण शिकवणीच्या वर्गाला देतो. सतरा वर्षांच्या चांगल्या डावखुऱ्या गोलंदाजाची बॅट-बॉलची पिशवी नीटच्या परीक्षेपर्यंत माळ्यावर गेली, की ती बहुधा खाली येत नाही.

तरी लातूरपासून फार लांब नसलेल्या तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२च्या १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघात होता, आणि बीडचा सचिन धस २०२४च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात ९६ धावा काढून आला. दोघांच्याही आधी जालन्याच्या एका मुलाने कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा ठोकल्या होत्या आणि २०१४मध्ये १९ वर्षांखालील भारतीय संघाचं नेतृत्व केलं होतं. विजय झोलचा तो डाव आणि त्यानंतरची त्याची वाटचाल पुढच्या आठवड्यात.