निळा जिंकला की पांढरा?

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिची दोन्ही मुलं जुलैत डोंगरातल्या उन्हाळी शिबिराला जातात. तिथे मुलांना फोन जवळ ठेवू देत नाहीत, त्यामुळे घरी चक्क हातानं लिहिलेली पत्रं येतात. मागच्या उन्हाळ्यात नऊ वर्षांच्या भाचीचं पत्र आलं : ‘आई, मी ठीक आहे. मी निळ्यात आहे, दादा पांढऱ्यात आहे. आम्ही बोलत नाही.’

बहिणीनं घाबरून मला फोन केला. मैत्रिणींनो, तुम्हीही घाबरला असता, नाही का?

हा सगळा प्रताप ‘कलर वॉर’चा, म्हणजे रंगांच्या लढाईचा. अमेरिकेतल्या निवासी शिबिरांची ही जुनी प्रथा आहे. मुक्काम संपत आला की सगळ्या शिबिराचे दोन किंवा चार गट पाडतात. प्रत्येकाला एकेक रंग. लढाई कधी सुरू होणार हे गुपित असतं. मुलं रोज तर्क करतात, मोठी माणसं मुद्दाम हुलकावण्या देतात, आणि एखाद्या रात्री अचानक अग्निशामक बंब घंटा वाजवत येतो नि जाहीर होतं, ‘झाली सुरू!’

मग तीन-चार दिवस नुसती धामधूम. पोहणं, होड्या, रस्सीखेच, रिले. उंच बांधलेली दोरी खाली शेकोटी पेटवून कोण आधी जाळतं, तीही एक शर्यत. काही ठिकाणी जेवताना जो बोलेल त्याच्या गटाचे गुण कापतात! (हे आपल्या घरी जमलं तर किती बरं!) शेवटच्या रात्री प्रत्येक गट स्वतः रचलेली गाणी म्हणतो, निकाल लागतो, आणि सगळे रंग एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात.

काही शिबिरांत पहिल्या वर्षी मिळालेला रंग जन्माचा. आई हिरवी तर लेकही हिरवी, अगदी घराणं असल्यासारखं! काही ठिकाणी दर वर्षी नवी वाटणी होते. ‘युद्ध’ हा शब्दच नको म्हणून काहींनी नाव बदलून ‘ऑलिंपिक्स’ केलं आहे.

पण नाव बदलून भागतं का? मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं 1954 साली ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथे एका उन्हाळी शिबिरातच प्रयोग केला. साधारण अकरा वर्षांची, चांगल्या घरची 22 मुलं घेतली आणि त्यांचे दोन गट केले. स्पर्धा लावल्या, बक्षिसं ठेवली. थोड्याच दिवसांत मुलांनी एकमेकांचे झेंडे जाळले, खोल्यांवर धाडी घातल्या. आपल्यावर प्रयोग चालला आहे हे मुलांना ठाऊकही नव्हतं. आज असं कुणी करू देणार नाही. पण पुढचा भाग आपण आयांनी लक्षात ठेवावा असा आहे.

भांडण मिटवायला दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. उपयोग शून्य. उलट जेवताना एकमेकांवर अन्न फेकलं! मग पाणी बंद पडलं (म्हणजे पाडलं), जेवण आणणारा ट्रक अडून बसला. एका गटाला तो ओढवेना. तेव्हा मुलांनी रस्सीखेचीचाच दोर आणला आणि सगळ्यांनी मिळून ट्रक ओढला. असं एकदा-दोनदा झालं आणि वैर ओसरू लागलं. परतताना एका गटानं आपल्या बक्षिसाच्या पाच डॉलरांतून सगळ्यांना खाऊ दिला.

आपल्याकडेही कितीतरी शाळांतून लाल, निळे, पिवळे, हिरवे ‘हाऊस’ असतात. तेव्हा एवढं करून पाहा :

मूल घरात शिरताच ‘कोण जिंकलं?’ असं विचारू नका. ‘आज कुणाबरोबर खेळलास?’ असं विचारा.

भावंडांचे रंग वेगळे असतील, तर आईबाबांनी गमतीतही बाजू घेऊ नये.

अबोला धरलेल्यांना शेजारी बसवून ‘बोला बरं आता’ म्हणू नका. दोघांशिवाय होणार नाही असं काम सांगा : माळ्यावरची ट्रंक उतरवणं, गाद्या उन्हात टाकणं.

बहिणीलाही मी हेच सांगितलं. कारण शेवटच्या रात्रीच्या गळामिठीनंतरही आमची भाची रुसलेलीच घरी आली. रिलेत तिच्या हातून दांडी पडली, तेव्हा पांढऱ्यांच्या रांगेतून तिचा दादाही टाळ्या पिटत होता. निळे हरले याचं तिला एवढं नव्हतं. त्या टाळ्या तिला विसरता येत नव्हत्या.

बहिणीनं समजूत घातली नाही. मळक्या कपड्यांनी भरलेली ट्रंक दाराशीच होती. ‘तळघरात न्या आणि तुमचे कपडे तुम्हीच धुवा,’ एवढंच म्हणाली. ट्रंक एकट्यानं हलेना. जिन्यात दादा म्हणाला, ‘तुझी बाजू जड आहे, इकडे ये.’ आणि जरा वेळानं, ‘मी टाळ्या वाजवायला नको होत्या.’

खाली दोघांनी सगळे कपडे एकदमच मशीनमध्ये कोंबले. नवा रंगीत कपडा पहिल्यांदा वेगळा धुवावा, हे कोण सांगणार त्यांना? दादाचा पांढरा शर्ट निळसर झाला. बहीण म्हणाली, टाकून देऊ. तो काही देईना.