पफरच्या पाण्याचा मागोवा

हिरवट-पिवळी पाठ, तिच्यावर काळे ठिपके, पांढरं पोट आणि एकमेकांची पर्वा न करता फिरणारे दोन डोळे. हिरवा ठिपकेवाला पफर गेली दोन-अडीच दशकं आपल्याकडच्या शोभिवंत माशांच्या दुकानांत दिसतो आहे. कोकणात ज्याला केंड म्हणतात, त्याच्या कुळातला हा मासा. एवढ्या काळात त्याला घरी सांभाळायची रीत मुळापासून बदलली. पफरच्या आजारपणाच्या ज्या तक्रारी तेव्हा सर्रास ऐकू यायच्या, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ पाण्यात होतं, हे आज मागे वळून पाहताना स्पष्ट दिसतं.

सुरुवातीला हा मासा गोड्या पाण्यातच विकला जाई. बोटाच्या पेराएवढी पिल्लं गप्पी आणि एंजलच्या शेजारच्या टाकीत ठेवलेली असत. पिल्लं गोड्या पाण्यात काही महिने तग धरतात आणि गैरसमज तिथेच रुजला. खाणंपिणं नीट चालू असे. मग हळूहळू पोट करडं पडे, मासा कोपऱ्यात बसून राही, अंगावर बुरशी धरे आणि ‘जातच नाजूक आहे’ असा शिक्का बसे. वास्तविक हा मासा श्रीलंकेपासून इंडोनेशियापर्यंतच्या नदीमुखांतला आणि कांदळवनांतला. भरतीला खारं, ओहोटीला जवळजवळ गोडं, असं पाणी जिथे रोज पालटतं तिथे जगणारा जीव नाजूक कसा असेल?

पहिला बदल झाला तो ओळखीचा. ‘पफर’ या एका नावाखाली निदान तीन मासे विकले जात. हिरवा ठिपकेवाला 15 सेंटिमीटरच्या पुढे जातो. पाठीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी नक्षी असलेला फिगर-एट 8 सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. तिसरा केरळच्या नद्यांतला, तीनेक सेंटिमीटरचा मटार पफर. तो पूर्ण गोड्या पाण्यातला, त्याला मिठाची गरज नाही. 2001 मध्ये क्लाउस एबर्ट यांचं गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यातल्या पफरांवरचं पुस्तक आलं. 2006 मध्ये नील मंक्स यांनी संपादित केलेला निमखाऱ्या पाण्यातल्या माशांवरचा ग्रंथ आला. कोणत्या जातीला किती खारं पाणी लागतं, याची माहिती त्यामुळे एका जागी मिळू लागली. दरम्यान 2004 मध्ये हिरव्या पफरचा जनुकसंच ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. कणाधारी प्राण्यांतल्या अतिशय आटोपशीर जनुकसंचांपैकी तो एक असल्यामुळे शास्त्रज्ञांनी त्याला निवडलं होतं. जुन्या पुस्तकांत हा मासा टेट्राओडॉन या प्रजातीत सापडतो, आज त्याचं नाव डायकोटोमिक्टेरे नायग्रोव्हिरिडिस असं लिहितात.

दुसरा बदल मिठाचा. ‘थोडं मीठ टाका’ हा सल्ला पूर्वीही मिळे, पण ते मीठ स्वयंपाकघरातलं असे. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. सागरी मत्स्यालयांसाठी मिळणाऱ्या क्षारमिश्रणात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कार्बोनेटंही असतात. ती पाण्याचा सामू 8 च्या आसपास टिकवून धरतात. मुंबईसारख्या शहरात, जिथे तलावांचं मऊ पाणी नळाला येतं, तिथे हा फरक फार मोलाचा. हायड्रोमीटर आणि पुढे रिफ्रॅक्टोमीटर हाताशी आल्यावर ‘मूठभर’ आणि ‘चमचाभर’ ही मापं मागे पडली. फिगर-एटला 1.005 च्या आसपास विशिष्ट गुरुत्व पुरतं, म्हणजे लिटरमागे साधारण 9 ग्रॅम मिश्रण. हिरव्या पफरच्या पिल्लालाही तिथून सुरुवात चालते, पण त्याच्या वाढीबरोबर खारटपणा वाढवत न्यावा लागतो. पूर्ण वाढलेला मासा 1.015 किंवा त्याहून खाऱ्या पाण्यात उत्तम राहतो. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून आटलेल्या पाण्याची भरपाई क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्याने करायची, हा साधा नियमही या काळात रुळला.

खारटपणा साधला तरी मासे दगावत, कारण फिल्टर कच्चा असे. पफर मांसाहारी आणि खादाड. तो शिंपले फोडून खातो, तुकडे इकडेतिकडे उडवतो, त्यामुळे अमोनिया झपाट्याने वाढतो. निमखाऱ्या पाण्याचा सामू चढा असतो आणि चढ्या सामूत अमोनियाचा मोठा भाग त्याच्या विषारी रूपात राहतो. गोड्या पाण्यात जी मात्रा कशीबशी सोसली जाते, ती इथे जीव घेऊ शकते. म्हणून अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये आधी वाढवायचे, मासा नंतर आणायचा, ही शिस्त आली. विशिष्ट गुरुत्वही आठवड्याला 0.002 च्या आतबाहेरच वाढवायचं, म्हणजे माशाबरोबर जिवाणूंनाही जुळवून घ्यायला सवड मिळते. पफरला नेहमीसारखे खवले नसतात, त्यामुळे तांबं असलेली औषधं त्याला लवकर बाधतात. ती जपून वापरायची समज याच टप्प्यावर पसरली.

मग लक्ष गेलं दातांकडे. पफरची चोच चार दातांच्या पट्ट्यांची बनलेली असते आणि ती आयुष्यभर वाढत राहते. मऊ खाद्यावर ठेवलेल्या माशाची चोच इतकी वाढते की तोंड उघडेनासं होतं आणि तो उपाशी मरतो. लवंगेच्या तेलाने गुंगी देऊन चोच कापता येते, पण ते काम अनुभवी हातांचंच. खरा इलाज आहारात आहे आणि याबाबतीत किनारपट्टीवरचे आपण लोक भाग्यवान. गोगलगायी, कवचासकट तिसऱ्या आणि खुबे, लहान कुर्ल्यांचे पाय, सालासकट कोळंबी हे सगळं आपल्या मासळीबाजारात मिळतं. फक्त आलटून पालटून द्यायचं. नुसत्या कोळंबीवर ठेवलं तर तिच्यातलं थायमिनेज ब-1 जीवनसत्त्व नष्ट करतं आणि मासा पोटभर खाऊनही खंगतो.

अगदी अलीकडे त्याच्या स्वभावाचा विचार सुरू झाला. इतर माशांच्या शेपट्या कुरतडणाऱ्या पफरला पूर्वी खोडकर म्हणून हसण्यावारी नेलं जाई. आता त्याला स्वतंत्र टाकी देतात. एका मोठ्या हिरव्या पफरला निदान शंभर-सव्वाशे लिटर पाणी, आत दगडांच्या कपारी आणि लाकडाचे आडोसे. गंमत म्हणून फुगवण्याचा प्रकारही निंद्य ठरू लागला आहे. फुगणं हा त्याचा शेवटचा बचाव आहे. पाण्याबाहेर काढल्यावर पोटात हवा भरली, तर ती बाहेर टाकणं त्याला जड जातं. म्हणून त्याला जाळीने न उचलता भांड्यात पाण्यासकट हलवावं.

एक काम अजून उरलं आहे. बाजारात येणारे हिरवे पफर जवळजवळ सगळे निसर्गातून पकडलेले असतात. नीट सांभाळला तर हा मासा दहा वर्षांहून अधिक जगतो. तो महिन्याभरात मेला तर खाडीतून आणखी एक उपसला जातो. कांदळवनांवर आधीच भरावाचं आणि सांडपाण्याचं ओझं आहे, त्यात आपल्या हौसेची भर नको. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात : जात कोणती, सध्या पाणी किती खारं, आणि तो खातो काय. उत्तरं मिळाली नाहीत तर मासा घेऊ नये. गिऱ्हाईक विचारू लागलं की दुकानदारही पाणी मोजू लागतो, हे या वर्षांत आम्ही पाहिलं आहे.