शिष्टाई, इयत्ता सातवी

मराठी घरात वाढलेल्या मुलाला परराष्ट्र धोरण हा शब्द कळण्याच्या कितीतरी आधी एक शिष्टाई ठाऊक झालेली असते, ती म्हणजे कृष्णशिष्टाई. पांडवांच्या वतीने कृष्ण हस्तिनापुरात जातो, राज्याच्या वाट्यापासून सुरू झालेली मागणी पाच गावांपर्यंत खाली आणतो आणि सुईच्या अग्रावर मावेल एवढीही भूमी मिळणार नाही, असे ऐकून परततो. गोष्ट सांगणारी आजी इथे थांबत नाही. पुढे युद्ध असते आणि मुलांना युद्धच हवे असते. मी मात्र वर्गात गोष्ट नेमकी इथे थांबवते आणि विचारते, पाचच गावे का? दहा का नाहीत? आणि मागणी एवढी लहान केल्यावर नकार देणारा लोकांच्या नजरेत कसा दिसला असेल? शेवटचा प्रश्न विचारला की वर्ग थोडा वेळ गप्प होतो. ती शांतता मला फार आवडते.

साताऱ्यात मराठी माध्यमाच्या शाळेत मी तीसएक वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर शनिवारी दुपारी सहावी ते आठवीच्या मुलांकडून अभिरूप संयुक्त राष्ट्रसभेची तयारी करून घेते. युवा संसद, अभिरूप न्यायालय हे प्रकार आपल्याला परिचित आहेत, त्यांचाच हा भाऊबंद. इंग्रजी शाळांत याला मॉडेल युनायटेड नेशन्स म्हणतात आणि त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार मुले चक्क ‘मन’ असा करतात. कल्पना जुनी आहे. जुन्या राष्ट्रसंघाच्या काळात, १९२०च्या दशकात, अमेरिकेतल्या विद्यापीठांतून विद्यार्थी अशा नकली सभा भरवू लागले. १९४५ नंतर संयुक्त राष्ट्रसंघ आला आणि खेळानेही नाव बदलले. प्रत्येकाला एक देश मिळतो. स्वतःचे मत घरी ठेवून त्या देशाची बाजू मांडायची, इतरांशी बोलणी करायची, ठराव लिहायचा आणि मताला टाकायचा.

शहरांत या प्रकाराला आता कोट, टाय, प्रवेश शुल्क आणि ‘सर्वोत्तम प्रतिनिधी’ची ढाल असा सरंजाम जोडला गेला आहे. कोटाविषयी माझी तक्रार नाही, ज्याला शोभेल त्याने घालावा. ढालीविषयी आहे. तडजोड घडवण्याच्या खेळात पहिला नंबर काढायचा, म्हणजे पंगतीत वाढणाऱ्यानेच जास्त जेवून बक्षीस घेण्यासारखे झाले. आमच्याकडे ढाल नाही, आणि सभा मराठीत चालते.

गेल्या खेपेला आम्ही नाईल नदीचा प्रश्न घेतला. खोरे अकरा देशांचे, मुले बावीस, म्हणजे दोघादोघांचे एक शिष्टमंडळ. देश चिठ्ठ्या टाकून वाटले. त्या दिवसापासून मुलांची नावेच बदलतात. “बाई, इजिप्त डबा विसरला,” “बाई, युगांडा मला मारतोय,” असे कानावर येऊ लागते.

प्रश्न असा. इथिओपियाने नील नाईलवर, सुदानच्या सीमेजवळ, २०११ मध्ये एक प्रचंड धरण बांधायला घेतले. २०२०च्या पावसाळ्यात त्यात पहिल्यांदा पाणी साठवले गेले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे रीतसर उद्घाटन झाले. साठवण ७४ अब्ज घनमीटर. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा एकाही चेहऱ्यावर काही उमटले नाही. मग हिशेब केला. आमच्या कोयनेत १०५ टीएमसी पाणी मावते. म्हणजे इथिओपियाचे धरण झाले जवळजवळ पंचवीस कोयना! कोयनेची वीज १९६० मेगावॉट, त्या धरणाची क्षमता ५१५०. वर्गातून एक लांबलचक “आयला” आला आणि मी तो ऐकला नाही असे दाखवले.

इजिप्तचे म्हणणे सोपे आणि भेदक आहे. पाऊस नाही, दुसरी नदी नाही, दहा कोटींहून अधिक माणसे जवळजवळ सर्वस्वी नाईलवर जगतात आणि त्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के इथिओपियाच्या डोंगरांतून येते. १९५९ मध्ये इजिप्त आणि सुदान यांनी करार करून पाणी वाटून घेतले. साडेपंचावन्न अब्ज घनमीटर इजिप्तला, साडेअठरा सुदानला. इथिओपियाला शून्य. त्याला बोलावलेच नव्हते. इथिओपिया म्हणतो, पाणी माझ्या डोंगरातले, अंधार माझ्या खेड्यांत. धरण आम्ही कर्जरोखे विकून, नोकरदारांच्या पगारातून उभे केले. मध्ये सुदान. त्याला पूर आटोक्यात आलेला हवाच आहे, पण वरून पाणी कधी सुटणार हे आधी कळले नाही तर त्याची स्वतःची धरणे धोक्यात येतात. हा वाद २०२० आणि २०२१ मध्ये थेट सुरक्षा परिषदेपुढे गेला होता. नाशिक-अहिल्यानगरची धरणे आणि खाली पैठणचे जायकवाडी यांच्यातली दरवर्षीची ओढाताण वर्तमानपत्रात वाचणाऱ्या घरांना यातले काहीच परके वाटणार नाही.

तयारीत सर्वांत जास्त अडखळतात ती वक्तृत्व स्पर्धा गाजवणारी मुले. त्यांना “सन्माननीय व्यासपीठ” पाठ असते, हातवारे पाठ असतात, टाळीची जागा पाठ असते. इथे टाळीला किंमत नाही, समोरच्याचे मत हलले पाहिजे. शिवाय ‘मी’ म्हणायला बंदी. “मला वाटते” नाही, “इजिप्तचे शिष्टमंडळ असे मानते.” चुकून ‘मी’ आला की फळा पुसायचा. पहिल्या दोन शनिवारी फळा आरशासारखा लख्ख होता.

दुसरी अडचण या काळाची. दुसऱ्या शनिवारी सहा देश मोबाइलला विचारून छापील भाषणे घेऊन आले. भाषा गुळगुळीत; शाश्वत विकास, सर्वसमावेशक सहकार्य, परस्पर विश्वास. मी रागावले नाही. देशाचे नाव झाकून प्रत्येक भाषण मोठ्याने वाचले आणि हा देश कोणता ते बाकीच्यांना ओळखायला सांगितले. एकही ओळखता आला नाही. केनियाने स्वतःचेच भाषण टांझानियाचे म्हणून सांगितले! पुढच्या शनिवारी नकाशे आले, कराराच्या तारखा आल्या, आणि कुणाच्या तरी काकांनी काढून दिलेला धरणाच्या दारांचा आडवा छेदही आला.

आमचा मुख्य नियम मात्र जुन्याच ठेवणीतला आहे. आपल्या शास्त्रकारांची रीत अशी, की आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून चांगले सांगायचे, आणि मगच उत्तर द्यायचे. आमच्याकडेही इथिओपियाने इजिप्तची बाजू इजिप्तचे समाधान होईपर्यंत मांडायची. “हो, हेच आमचे म्हणणे” असे इजिप्तने म्हटल्याशिवाय पुढे बोलता येत नाही. मुलांना याचा भयंकर राग येतो. “त्यांचं म्हणणं इतकं चांगलं सांगितलं तर आपण हरणार नाही का?” हा प्रश्न दरवर्षी येतो.

इथिओपियाच्या चिठ्ठीवर सातवीतली एक मुलगी होती. चिठ्ठी उघडताच ती माझ्याकडे आली. “बाई, मला इजिप्त द्या. किंवा कुणीही द्या. हे नको.” कारण विचारले तर सांगेना. मग कळले. तिच्या आजीचे गाव कोयनेच्या पाण्यात गेलेले. आजी तेव्हा सहा वर्षांची. त्या धरणाची माणसे सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी कुठे कुठे पांगली आणि पुनर्वसनाचे कागद पुढच्या पिढ्यांच्या हातात आले. त्या घरात ‘धरण’ हा शब्द कसा उच्चारला जात असेल, याची कल्पना साताऱ्यातल्या माणसाला करून द्यावी लागत नाही. आणि आता त्या घरच्या मुलीने सभेत उभे राहून धरणाचे समर्थन करायचे.

चिठ्ठी मी बदलली नाही. एका सहशिक्षिकेला ते निष्ठुरपणाचे वाटले. मला वाटत नाही. जी बाजू आपल्याला सहज पटते ती मांडायला शनिवारची दुपार कशाला खर्च करायची? तिला एवढेच सांगितले, की आजीला विचार, धरण होताना तुम्हाला सगळ्यांत जास्त काय लागलं?

मुलगी पुढच्या आठवड्यात वहीत एकच वाक्य लिहून घेऊन आली. “आम्हाला कुणी विचारलंच नाही.” त्या वाक्यावर तिने इथिओपियाचे सारे भाषण उभे केले. १९२९ मध्ये ब्रिटन आणि इजिप्तने नाईलबद्दल ठरवले, आम्हाला विचारले नाही. १९५९ मध्ये दोघांनी सगळे पाणी वाटून घेतले, आम्हाला विचारले नाही. आवाज चढवला नाही, हातवारे नाहीत. वर्गात एक टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. आणि मग इजिप्त उठला, जाडसर चष्म्याचा, एरवी बोलण्यात अडखळणारा मुलगा, आणि म्हणाला, “इजिप्तचे शिष्टमंडळ विचारू इच्छिते, की २०११ मध्ये धरणाला सुरुवात करताना आपण कुणाला विचारले?”

तिच्याकडे उत्तर नव्हते. प्रत्यक्षातही त्या प्रश्नाला सर्वांचे समाधान करील असे उत्तर अजून कुणी दिलेले नाही.

ठराव लिहिणे हा खरा रियाज. संयुक्त राष्ट्रसंघाचा ठराव कितीही पानांचा असो, व्याकरणाने ते एकच वाक्य असते. आधी प्रस्तावना, मग कलमे, मध्ये स्वल्पविराम आणि अर्धविराम. इंग्रजीत शिकवताना याची फार कसरत होते म्हणतात. मराठीला ती करावी लागत नाही, आपल्याकडे ‘ऊन’ आहे! “२०१५च्या खार्टूम घोषणेचे स्मरण ठेवून, खोऱ्यातील लोकसंख्या लक्षात घेऊन, बोलणी थांबल्याबद्दल खेद व्यक्त करून” अशी आगगाडी हवी तेवढी लांबवता येते. व्याकरणाच्या तासाला धातुसाधितांना कंटाळणारी मुले इथे त्यांच्यासाठी भांडताना पाहिली, की भाषेच्या बाईंना मी मुद्दाम बोलावून आणते.

एका शब्दाने काय होते, हे सांगताना मी हंसा मेहतांची गोष्ट सांगते. मुंबई प्रांतातून घटना समितीवर गेलेल्या या बाई मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यावर काम करीत होत्या. पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल असा शब्द होता. त्यांनी आग्रह धरून ‘सर्व मानव’ असा बदल करवला. १९४८ पासून साऱ्या जगाने तो वाचला. आमच्याकडे असे युद्ध ‘अडवणे’ या शब्दावर झाले. १९०२ मध्ये इथिओपियाच्या सम्राट मेनेलिकने ब्रिटनशी केलेल्या करारात, प्रवाह अडवील असे बांधकाम संमतीवाचून करणार नाही, असे वचन आहे. इजिप्तने ते शोधून काढले आणि विजयी मुद्रेने वाचले. इथिओपियाचे उत्तर आले, की अडवणे म्हणजे पूर्ण थांबवणे. आम्ही पाणी साठवतो आणि टर्बाइनमधून पुन्हा सोडतो. पाऊण तास गेला. खरे मुत्सद्दीही याच शब्दाचा कीस काढत आले आहेत, हे मी शेवटी सांगितले तेव्हा दोन्ही देश कमालीचे खूश झाले.

त्या मुलीचा पेच मात्र सुटला नव्हता. धरणाच्या जागेवरून उठवलेल्या गुमुझ लोकांविषयी तिने वाचले होते आणि त्यांच्यासाठी ठरावात कलम हवे होते. जोडीदार अडून बसला. “हे आपल्या देशाचं धोरण नाही. आपणच आपल्या विरुद्ध कसं लिहायचं?” त्याचे बरोबर होते. खेळाचा नियमच तो आहे. मी मध्ये पडले नाही. दोघे दोन शनिवार एकमेकांशी धड बोलत नव्हते.

वाट काढली ती रवांडाने. एरवी वर्गात तोंड न उघडणारा सहावीतला हा मुलगा मधल्या सुट्टीतल्या बोलण्यांत भलताच तरबेज निघाला. लहान देशांची मते कुठे आहेत ते त्याला पक्के माहीत होते. त्याने सुचवले, फक्त तुमच्या धरणाचं कशाला, नाईलवरच्या सगळ्याच धरणांचं लिहा. जोडीदाराचे डोळे चमकले. कारण १९६०च्या दशकात, अगदी कोयनेच्याच दिवसांत, इजिप्तच्या अस्वान धरणाखाली नुबियातली गावेच्या गावे बुडाली होती. सुदानातल्या वाडी हल्फाच्या लोकांना शेकडो किलोमीटर दूर नेऊन वसवले होते. आता हे कलम इथिओपियाच्या विरुद्ध राहिले नाही, सगळ्यांच्याच दारात जाऊन बसले.

सभा फेब्रुवारीतल्या एका शनिवारी झाली. रोजच्या प्रवाहाची माहिती खालच्या देशांना देण्याचे कलम एकमताने मंजूर झाले. दीर्घ दुष्काळात धरणातून किती पाणी सोडायचे, हे कलम पडले; खऱ्या वाटाघाटीही याच दगडाला अडल्या आहेत. विस्थापितांच्या कलमात मूळ मसुदा होता, “पुनर्वसन करतील.” इजिप्त आणि सुदान यांनी मिळून ते “पुनर्वसन करावे” असे करायला लावले, मग मत दिले. मुलगी उठून म्हणाली, “इथिओपियाचे शिष्टमंडळ हा बदल स्वीकारते,” आणि खाली बसून जोडीदाराला हळूच म्हणाली, “आजीला ‘करावे’ दिलं होतं.”

संध्याकाळी शिपाईमामा वर्गांना कुलपे लावत फिरत होते, तरी सायकलस्टँडजवळ इजिप्त आणि इथिओपिया उभेच होते. ‘दीर्घ’ म्हणजे चार वर्षे की पाच, यावर त्यांचे जमत नव्हते, आणि सुदान दोघांची दप्तरे सांभाळत मध्ये ताटकळला होता.