गळका नळ, तुंबलेले सिंक आणि घरातला एक डबा

नळ गळतो, सिंक तुंबते, गॅसची नळी जुनी होते. अशी लहानसहान कुरकुर प्रत्येक घरात चालूच असते. प्लंबर "उद्या येतो" म्हणतो आणि त्याचा उद्या आठवडाभर उगवत नाही. यातली बरीच कामे घरच्या घरी होतात. त्यासाठी एक डबा तयार ठेवा. त्यात स्क्रू-ड्रायव्हर, पाना, पक्कड, टेफ्लॉन टेप, नळाचे दोन-चार वॉशर आणि एक टॉर्च असावा.

गळका नळ

फिरवून बंद करायच्या साध्या नळातून थेंब पडत असतील, तर बहुधा आतला वॉशर झिजलेला असतो. आधी पाण्याचा कॉक बंद करा आणि नळ उघडून उरलेले पाणी जाऊ द्या. मूठ काढा, पान्याने वरचा भाग सोडवा आणि वॉशर बदला. जुना वॉशर दुकानात सोबत न्यावा, म्हणजे माप चुकत नाही. भिंतीजवळच्या आट्यांतून पाणी झिरपत असेल, तर नळ सोडवून आट्यांवर टेप गुंडाळा. आट्यांचे टोक आपल्याकडे धरावे आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावी. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटते.

पाणी किती जाते, ते मुलांना मोजायला सांगा. नळाखाली तासभर मग ठेवा. पाव लिटर भरला, तर दिवसाला ६ आणि महिन्याला १८० लिटर पाणी वाया गेले! वुजू करतानाही पाणी जपून वापरावे, अशी आपली शिकवण आहे. मग गळक्या नळाकडे दुर्लक्ष कसे चालेल?

तुंबलेले सिंक

बकरी ईदनंतर ही तक्रार हमखास येते. मटणाची चरबी गरम असताना पातळ असते, पण पाइपात थंड होऊन थिजते. म्हणून तेलकट पातेली आधी कागदाने पुसून मग धुवावीत. सिंक तुंबलेच, तर खाली बादली ठेवून बाटलीसारखा ट्रॅप हाताने फिरवून काढा. तो गरम पाणी आणि साबणाने धुवा. रबरी रिंग जागेवर आहे ना, हे पाहूनच परत बसवा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. टॉयलेट साफ करायचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा लिक्विड ब्लीच एकत्र वापरू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

गॅसची नळी

शेगडीच्या रबरी नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षांनी नळी बदलावीच. चीर दिसली तर त्याआधीही. गळतीची शंका आली, तर काडी पेटवून कधीच पाहू नका, साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले की गळती आहे. वास येत असेल तर रेग्युलेटर बंद करा आणि दारे-खिडक्या उघडा. विजेचे कोणतेही बटण दाबू नका, पंखासुद्धा नाही. घराबाहेर पडून १९०६ या क्रमांकावर कळवा. गॅसची आणि विजेच्या वायरिंगची दुरुस्ती जाणकार माणसाकडूनच करून घ्यावी.

हे काम कोणाचे?

"हे पुरुषांचे काम" म्हणून अम्मी थांबतात आणि "वेळ नाही" म्हणून अब्बा. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) घरी असताना घरकामात हातभार लावत, आपली पादत्राणे स्वतः सांधत, कपडे स्वतः शिवत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. तेव्हा मुलाला बटण लावता यावे आणि मुलीला वॉशर बदलता यावा. पुढे शिक्षणासाठी परगावी खोली घेऊन राहतील, तेव्हा दोघांनाही याचा उपयोग होईल. येत्या रविवारी डबा उघडा, कॉक कुठे आहे ते दोघांना दाखवा आणि पहिला वॉशर त्यांच्याच हातून बसवून घ्या.