मोकळ्या दाराचे माप

चाकांच्या खुर्चीतून कचेरीत वा शाळेत येणाऱ्या माणसाचा हक्क बहुधा दारापाशीच अडतो. चौकटीची रुंदी तीच दाराची रुंदी, हा बांधकामातला रूढ हिशेब येथे फसवा ठरतो. झडप काटकोनात उघडल्यावर तिच्यापासून समोरच्या चौकटीपर्यंत जी जागा मोकळी राहते, तीच खरी रुंदी होय. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती किमान 900 मिलिमीटर ठरविली. चौकटीची लाकडे व झडपेची जाडी वजा जाता तीन फुटी चौकटीत तेवढी जागा उरत नाही. मग प्रसाधनगृहाच्या अडीच फुटी दाराची गोष्टच नको! खुर्ची कशीबशी शिरलीच, तरी चाके फिरविणाऱ्या हातांची बोटे सोलवटतात. उंबरठा आपल्याकडे पूज्य खरा, पण खुर्चीची पुढची लहान चाके त्यालाच अडतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चे 44 वे कलम निःसंदिग्ध आहे. नियम न पाळणाऱ्या आराखड्यास परवानगी नाही, इमारतीस पूर्णत्वाचा दाखलाही नाही. परंतु 2017 च्या नियमावलीने बोट दाखविले ते मार्गदर्शक तत्त्वांकडे. आणि मार्गदर्शन म्हणजे शिफारस! कायद्याचे दात असे नियमानेच काढून घेतले. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात नियम 15(1) कायद्याशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करण्याचा आदेश केंद्राला दिला.

नियम कितीही कडक झाले तरी दाखल्यावर सही करणाऱ्या अभियंत्याने नकाशातला आकडा वाचून भागणार नाही. दार उघडून त्याला स्वतः मोजपट्टी लावावी लागेल.