आधी माणसे, की आधी नियम?

व्यापार सावकाश वाढतो तेव्हा शिस्तही त्याच्याबरोबर वाढते. रोजमेळ, खतावणी, मालाची नोंद, उधारीची मुदत या गोष्टी सवयीने पक्क्या होत जातात. परंतु कधी कधी दहा माणसांची पेढी दोन-तीन वर्षांत शंभर माणसांची होते. पूर्वी सारे काही मालकाच्या ध्यानात असे आणि त्यावर काम निभावून जाई. आता कोणते काम कोणाकडे आहे, हेच कळेनासे होते. मग बाहेरून एखादा अनुभवी व्यवस्थापक आणला जातो. व्यापारी कुटुंबांतील मुले-मुलीही आज वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांत अशा जबाबदारीवर रुजू होत आहेत. नव्याने आलेल्याने आधी माणसे जोडावीत की आधी नियम घालावेत, हा प्रश्न त्यांच्यासमोर पहिल्याच महिन्यात उभा राहतो.

गूगलचे उदाहरण

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन तरुणांनी १९९८ साली अमेरिकेत गूगल कंपनी स्थापन केली. २००१ च्या मार्च महिन्यात एरिक श्मिट तेथे अध्यक्ष म्हणून आले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे पद स्वीकारले. नोव्हेल या मोठ्या कंपनीचा कारभार त्यांनी पाहिलेला होता. संस्थापक मात्र पुरते स्वतंत्र वृत्तीचे होते. त्या वर्षाअखेर कंपनीत २८४ माणसे होती. २००४ च्या अखेरीस ती ३,०२१ झाली. तीन वर्षांत दहापटीहून अधिक!

दरम्यान, जुलै २००१ मध्ये पेज यांनी अभियंत्यांवर देखरेख करणाऱ्या व्यवस्थापकांची पदेच रद्द केली होती. हुशार माणसांना वरून सांगणारा कोणी नको, असा त्यांचा विचार होता. परिणामी शंभराहून अधिक अभियंते एकाच वरिष्ठांच्या हाताखाली आले. मतभेद मिटवायचे कोणी आणि नवख्याने शिकायचे कोणाकडून, हे प्रश्न उरलेच. ज्यांच्या मोकळेपणासाठी हे केले, त्या अभियंत्यांनाही मार्ग दाखवणारे कोणीतरी हवेच होते. कालांतराने व्यवस्थापक परत आले.

श्मिट यांनी काय केले?

श्मिट यांना बसायला लहानशी खोली मिळाली होती. जागेच्या टंचाईमुळे एक अभियंता आपले सामान घेऊन त्याच खोलीत येऊन बसला. श्मिट यांनी त्याला बाहेर काढले नाही. दोघांनी ती खोली वाटून घेतली. नवा अधिकारी आपला मान मागण्यासाठी आलेला नाही, हे इतरांना वेगळे सांगावे लागले नाही.

हिशेबाच्या बाबतीत मात्र त्यांनी ढिलाई चालू दिली नाही. लहान दुकानाला पुरेल अशा संगणकीय व्यवस्थेवर कंपनीचे हिशेब चालले होते. मोठ्या कंपनीला साजेशी व्यवस्था खर्चिक असूनही त्यांनी तिचा आग्रह धरला. आठवड्याची बैठकही नेमाने होऊ लागली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बिल कॅम्पबेल हे एकेकाळचे फुटबॉल प्रशिक्षक आणि नंतरचे कंपनीप्रमुख. त्यांचा सल्ला घ्यावा, असे सुचवले गेले तेव्हा आपल्याला शिकवणाऱ्याची गरज नाही, असेच श्मिट यांना वाटले होते. पुढे त्यांनी तो सल्ला वर्षानुवर्षे घेतला.

व्यवस्थापकांची खरोखर गरज आहे का, याची तपासणी गूगलने २००८ पासून स्वतःच्याच नोंदींवरून केली. चांगल्या व्यवस्थापकाच्या आठ गुणांच्या यादीत माणसांना घडवण्याचा गुण पहिला आला, तर तांत्रिक कौशल्य शेवटचे.

पेढीसाठी बोध

यावरून कामांची दोन गटांत विभागणी करता येते. पैसा, कर, पगार, उधारी आणि नोकरभरती यांचे नियम पहिल्या दिवसापासून स्पष्ट हवेत. येथील चूक पुढे निस्तरताना नाती तुटतात. जुन्या गुमास्त्याला एक दर आणि नव्याला दुसरा, असे एकदा झाले की त्याची चर्चा वर्षभर चालते. मात्र माल कसा लावावा, गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, कामे आपसांत कशी वाटावीत, अशा गोष्टींत हात घालण्यापूर्वी थांबावे. जुन्या मुनीमजींच्या पद्धतीमागे बहुधा एखादा अनुभव दडलेला असतो. तो समजून घेतल्यावरच पद्धत बदलावी.

कोणताही नवा नियम घालण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. कोणती चूक वारंवार होत आहे? नियमामुळे ती खरोखर थांबेल का? आणि ज्याला तो पाळायचा आहे, त्याला विचारले आहे का? यांतील एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर नियम महिनाभर लांबवण्याने काही बिघडत नाही.

मालकांचीही एक जबाबदारी आहे. बाहेरून माणूस आणायचा आणि प्रत्येक निर्णय मात्र घरातच फिरवायचा, असे झाले तर उत्तम व्यवस्थापकही टिकत नाही. काय त्याच्याकडे सोपवले आणि काय कुटुंबाकडे राखले, हे तो रुजू होण्यापूर्वीच लिहून ठेवावे. तो कागद एकाच पानाचा असला तरी पुढचे अनेक वाद त्याने टळतात.